दोन-तृतीयांश मते जुळली नाहीत, तर पुढे काय?

प्रति,
अक्कलकुवा तालुक्यातील ग्रामसभांचे सर्व सभासद,
तसेच ग्रामसभांनी नेमलेल्या वन व्यवस्थापन समित्या आणि ग्रामसभा कोष समित्यांचे सदस्य

विषय : कोणत्याच प्रस्तावाला आवश्यक मते न मिळाल्यास निर्णय कसा करायचा, हे आधीच ठरवून ठेवण्याबाबत



समितीपुढे दोन-तीन प्रस्ताव आहेत, नियमावलीप्रमाणे मंजुरीला दोन-तृतीयांश मते लागतात, आणि मोजणी झाल्यावर एकही प्रस्ताव तिथपर्यंत पोचत नाही. आता काय करायचे? या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोठ्या खर्चाला दोन-तृतीयांश संमती हवी, असे कलम आपण आवर्जून घालतो. ते योग्यच आहे. गावाचे जंगल आणि गावाचा पैसा एका मताच्या फरकाने कोणा एका गटाकडे जाता कामा नये. पण संमती जुळली नाही तर सभेने कोणती वाट धरायची, हे लिहायचे राहून जाते. मग त्या दिवशी ज्याचा आवाज मोठा, ज्याच्या हाती प्रोसिडिंग बुक, किंवा काहीच न होण्यात ज्याचा फायदा, तोच वाट ठरवतो. माझी विनंती एवढीच की ती वाट भांडण उभे राहण्याआधी, सगळे शांत असताना, ग्रामसभेच्या ठरावाने लिहून ठेवा.

आपल्या तालुक्यात हे काम महत्त्वाचे का आहे, ते तुम्ही जाणता. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलाच्या सामूहिक व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला दिला. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी दिली. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५पासून पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींकडे थेट येऊ लागला आणि तो कशावर खर्चायचा, हे ठरवणे ग्रामसभेकडे आले. पूर्वी मोहफुलांचे, डिंकाचे, रस्त्याचे, पाण्याचे निर्णय दुसरेच कोणीतरी घेत होते आणि आपण तक्रार करत होतो. आता निर्णय आपला आहे, त्यामुळे निर्णय अडला तर ती अडचणही आपलीच आहे. आपण अडून राहिलो, तर ‘यांना जमत नाही’ म्हणत तो अधिकार काढून घ्यायला टपलेले पुष्कळ आहेत.

मते कमी पडली म्हणजे विषय संपला, असे मात्र समजू नका. ज्या कायद्यावर आपल्या ग्रामसभा उभ्या आहेत, त्याची सुरुवातच अशा एका हुकलेल्या मतदानातून झाली. पंचायतराजला संविधानात स्थान देण्यासाठी राजीव गांधींच्या सरकारने १९८९ साली ६४वे घटनादुरुस्ती विधेयक आणले. लोकसभेत ते मंजूर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत मात्र दोन-तृतीयांश मते थोडक्यात हुकली आणि विधेयक पडले. केंद्र सरकार राज्यांना ओलांडून गावांच्या कारभारात शिरू पाहते आहे, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. पुढच्या तीन वर्षांत तो आक्षेप ऐकला गेला, पुष्कळ बाबी राज्यांच्या विधानसभांवर सोपवल्या गेल्या, आणि डिसेंबर १९९२मध्ये ७३वी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. २४ एप्रिल १९९३ला ती लागू झाली. तिच्यातून पाचव्या अनुसूचीतली आदिवासी क्षेत्रे वगळलेली होती. त्यांच्यासाठी काय करावे, हे दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीने सांगितले आणि २४ डिसेंबर १९९६ला पेसा कायदा आला. पहिल्या मतदानात जे पडले, ते विरोधकांचे म्हणणे आत घेऊन पुन्हा उभे राहिले. तुमच्या नियमावलीतल्या कलमानेही हेच काम करायला हवे.

आता आपल्या गावाकडे या. समजा, वन व्यवस्थापन समिती १५ जणांची आहे. हाती पैसा आहे आणि तीन प्रस्ताव आहेत. मोहफूल साठवायला गोदाम, वरच्या पाड्यांसाठी बंधारा, आणि जंगलाची राखण व जाळरेषा. मंजुरीला १० मते हवीत. मतदानात गोदामाला ७, बंधाऱ्याला ५, राखणीला ३ मते पडली. कोणीच १०पर्यंत पोचले नाही. सभा उठली, पैसा बँकेतच राहिला.

इथे पहिला प्रश्न हा की काहीच मंजूर झाले नाही, तर मागे काय उरते? सरपंचावरच्या अविश्वास ठरावाचे उदाहरण घ्या. ग्रामपंचायत अधिनियमाने अशा ठरावाला मोठ्या बहुमताची अट घातली आहे. तेवढी मते नसतील तर सरपंच पदावर राहतो. तिथे मागे उरतो तो लोकांनी निवडलेला माणूस, म्हणून ‘जैसे थे’ ठीक आहे. मोहफुलांच्या बाबतीत तसे नाही. मार्च-एप्रिलमध्ये फुले पडतात. तोवर गोदामाचा निर्णय झाला नाही, तर घरात साठवायला जागा नसलेला माणूस मिळेल त्या भावाने माल विकून मोकळा होतो. बंधारा पावसाळ्यापूर्वी झाला नाही, तर वर्ष गेले. म्हणजे ‘काहीच ठरले नाही’ हाही एक निर्णय असतो, आणि तो कोणी मागितलेला नसतो. म्हणून प्रत्येक प्रस्तावाबरोबर लिहा की ठरले नाही तर काय होईल आणि त्याचा तोटा कोणाला होईल. ते वाचून दाखवल्यावर मगच मत घ्या.

दुसरा प्रश्न मोजणीचा. दोन-तृतीयांश कशाचे? एकूण सदस्यांचे की हजर असलेल्यांचे? १५ जणांच्या समितीत ११ हजर असतील, तर एकूण सदस्यांच्या हिशेबाने १० मते लागतात, हजर सदस्यांच्या हिशेबाने ८. पहिल्या हिशेबात गैरहजर माणूस विरोधात मत दिल्यासारखाच मोजला जातो. अपूर्णांकाचेही लिहून ठेवा. ७ जणांचे दोन-तृतीयांश म्हणजे ४.६७. ‘किमान दोन-तृतीयांश’ असे लिहिले असेल, तर ४ पुरत नाहीत, ५ लागतात. एवढ्या एका आकड्यावरून गावे कोर्टापर्यंत जाऊ शकतात.

दारूबंदीच्या मतदानातून हे नीट दिसते. उभी बाटली की आडवी बाटली, या मतदानात दारूचे दुकान बंद व्हायला मतदानाला आलेल्या महिलांचे बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्या दिवशी जी बाई गावात नाही, तिचे न पडलेले मत दुकान चालू ठेवायला उपयोगी पडते. आपल्या तालुक्यात हे फार जड जाते. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत उतरतात. त्या दिवसांत दोन-तृतीयांशाची सभा बोलावणे म्हणजे सभा पाडायचे ठरवूनच बोलावणे. होळीला माणसे परततात, काठीच्या राजवाडी होळीला डोंगर माणसांनी भरून जातो. मोठ्या खर्चाचे, जंगलाचे ठराव होळी ते पाऊस या दिवसांत ठेवा. अट पूर्ण होईल असा दिवस निवडणे ही लबाडी नाही. ज्यांचे जंगल, त्यांना मत देता यावे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा प्रश्न, आपण मत विचारतो कसे? एका माणसाला एकच हात वर करायला सांगितले, की त्याची पहिली पसंती कळते, दुसरी आत दडून राहते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा आणि काँदोर्से या दोन विद्वानांनी हीच खोट दाखवून दिली होती. तीन किंवा अधिक पर्याय असले, की एकेका मताच्या मोजणीतून सभेच्या मनाचा खरा कौल निघेलच असे नाही. म्हणून दुसऱ्या फेरीत प्रश्न बदला. ‘तुम्हाला काय हवे?’ असे न विचारता ‘यातले काय काय चालेल?’ असे विचारा, आणि चालेल त्या प्रत्येक प्रस्तावाला हात वर करू द्या. वरच्या उदाहरणात कदाचित असे निघेल : गोदाम ८ जणांना चालते, राखण ९ जणांना, बंधारा मात्र १२ जणांना. गोदामवाल्यांतल्या चार-पाच जणांची गुरे वरच्याच ओढ्यावर पाणी पितात, त्यांना बंधारा नको असे कधी नव्हतेच. फक्त कोणी विचारले नव्हते. बंधाऱ्याने १०ची अट पार केली आणि कोणी हरलेही नाही.

हात वर करण्याचा दबाव वाटत असेल, तर प्रत्येक प्रस्तावाचा एक डबा ठेवा. डब्यावर अक्षरांऐवजी चित्र लावा, आणि प्रत्येक सदस्याला जेवढे प्रस्ताव तेवढे दाणे द्या. ज्याला जे चालेल, त्या डब्यात त्याने एक दाणा टाकायचा. वाचता न येणाऱ्या आजीचे मतही यात पूर्ण मोजले जाते. आणि मत घेण्याआधी प्रस्ताव गावच्या बोलीत समजावून सांगा. प्रोसिडिंग मराठीत लिहावे, पण चर्चा घरी बोलतो त्या भाषेतच व्हावी.

एवढे करूनही अडले तर लगेच तिसरी फेरी नको, सभा थांबवा. प्रस्तावांचे तुकडे करता येतात का, ते पाहा. गोदाम यंदा पत्र्याच्या शेडपुरते आणि बंधारा पुढच्या हप्त्यात, असे जमते का? हे काम सगळ्या सभेला मिळून करता येत नाही. दोन्ही बाजूंची मिळून पाच-सहा माणसे बसवा, त्यांत निम्म्या बाया असू द्या, आणि ठरलेल्या दिवसांत एक जोडप्रस्ताव घेऊन या, असे सांगा. हा उपाय फार जुना आहे. इटलीतल्या व्हितेर्बो गावी १२६८पासून नवा पोप निवडता येईना. दोन-तृतीयांशाची अट होती आणि दोन गट हटत नव्हते. जवळजवळ तीन वर्षे हा घोळ चालला. गावकऱ्यांनी धर्मगुरूंना कोंडले, त्यांचे जेवण कमी केले, छतही काढले. तरी सुटका झाली ती दबावाने नव्हे. सगळ्यांनी सहा जणांना निवडीचा अधिकार दिला, त्या सहांनी मार्ग काढला, आणि १२७१ साली दहावे ग्रेगरी निवडले गेले.

आता सगळ्यात मोठ्या मोहाविषयी. अडले की कोणीतरी म्हणते, दोन-तृतीयांश जमत नसेल तर साधे बहुमत धरा. ऐकायला सोपे आहे, पण यात एक धोका आहे, आणि तोही पोपच्या निवडीतच दिसून आला. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी नियम केला की पुष्कळ फेऱ्या होऊनही निवड झाली नाही, तर निम्म्याहून अधिक मतांवर निवड करता येईल. मग ज्या गटाकडे पहिल्याच दिवशी निम्म्याहून थोडी जास्त मते आहेत, त्याने तडजोड का करावी? त्याने फक्त दिवस मोजायचे. २००७ साली सोळाव्या बेनेडिक्ट यांनी नियम पुन्हा बदलला. अडल्यास पहिल्या दोन नावांतच निवड करायची, पण अट दोन-तृतीयांशाचीच राहील, आणि ते दोघे स्वतः मत देणार नाहीत. पर्याय कमी केले, अट कमी केली नाही. आपल्या १५ जणांच्या समितीत ८ जणांचा गट असेल, तर ‘तिसऱ्या सभेत साधे बहुमत’ असे कलम त्यांच्या हाती चावी देते. मग पहिल्या दोन सभा नुसत्या हजेरीच्या होतात.

अट कधीच खाली आणू नये, असे मी म्हणत नाही. वनहक्क नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती आधी दोन-तृतीयांश होती. डोंगरातल्या पसरलेल्या गावांना ती जमणे अवघड होते. २०१२च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आणली, पण हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला हव्यात, आणि दाव्यांचा ठराव करायचा तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर हवेत, अशा अटी जोडल्या. आकडा उतरला, पण ज्यांचे म्हणणे बुडण्याची भीती होती, त्यांचे संरक्षण वाढले. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांचेही पाहा. पुनर्विकासाला २००९च्या सरकारी निर्देशांनुसार तीन-चतुर्थांश सदस्यांची संमती लागत होती, २०१९मध्ये ती ५१ टक्क्यांवर आली. कामे सुटली, पण उरलेल्या ४९ टक्क्यांच्या घरांवरचा निर्णयही त्याच मतांवर व्हायला लागला. आकडा खाली आणताना दुबळ्या बाजूला काय दिले, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा. (वनहक्क दाव्यांवरचे ठराव वनहक्क नियमांप्रमाणे साध्या बहुमताने होतात. तिथे आपली दोन-तृतीयांशाची अट लावू नका. ती समितीच्या खर्चापुरती आणि कामापुरतीच ठेवा.)

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गावाने मतदानच बाजूला ठेवले. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल, तर चर्चा पुढे चालू राहते. त्याच गावाला २००९ साली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे बांबूची विक्रीही ग्रामसभेने स्वतः केली. पण सर्वसहमती हुकमाने होत नाही. त्या गावात ग्रामसभेआधी अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतो, आणि सभेला माणसे विचार करून येतात. आपली गावे पाड्यापाड्यांत विखुरलेली आहेत. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायलाच अर्धा दिवस जातो. अशा ठिकाणी सगळे गप्प बसले, की सगळे सहमत आहेत असे धरण्याची चूक सहज होते. म्हणून मोठ्या सभेआधी पाड्यांच्या बैठका घ्या आणि प्रत्येक पाड्याचे म्हणणे लिहून आणा. एखाद्या पाड्याचे म्हणणे दर वेळी मागेच पडत असेल, तर पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या २०१४च्या पेसा नियमांत आहे. ती वाट शेवटी, पण ती आहे हे विसरू नका.

आणखी दोन गोष्टी. पहिली, चिठ्ठीची. स्थानिक निवडणुकीत समसमान मते पडली तर चिठ्ठी काढतात, आरक्षणाची सोडतही तशीच निघते. चिठ्ठी वाईट नाही, पण तिचे काम ठरलेले हवे. दोन पाड्यांना पाणी द्यायचे ठरले आहे आणि आधी कोणाला, एवढाच प्रश्न आहे, तर चिठ्ठी काढा. झाडे तोडायची की नाही, हे चिठ्ठीवर टाकू नका.

दुसरी, न परतणाऱ्या निर्णयांची. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची, मोठी झाडे तोडायची, दीर्घ मुदतीचा करार करायचा, असे विषय अडले तर अडलेलेच राहू द्या. त्यांना कोणतीही पळवाट लिहू नका. एकदा दिलेले परत मिळत नाही, हे नर्मदेकाठच्या मणिबेलीला आणि धरणात बुडालेल्या इतर गावांना मी सांगायची गरज नाही. अशा विषयांत दोन-तृतीयांशाची अट पूर्ण झाली नाही, तर उत्तर ‘नाही’ असेच समजायचे.

हे सगळे थोडक्यात ठरावाच्या रूपात लिहून देतो. तुमच्या गावाला जुळेल तसा बदल करा :

१. समितीच्या मोठ्या खर्चाला व मोठ्या कामाला एकूण सदस्यांच्या किमान दोन-तृतीयांश मतांची संमती लागेल. अपूर्णांक आल्यास पुढचा पूर्ण आकडा धरला जाईल.

२. पहिल्या फेरीत एकाही प्रस्तावाला तेवढी मते मिळाली नाहीत, तर त्याच सभेत ‘चालेल त्या प्रत्येकाला मत’ या रीतीने दुसरी फेरी होईल.

३. तरीही निर्णय झाला नाही, तर सभा थांबेल आणि सर्व बाजूंच्या पाच-सहा जणांचा, निम्म्या महिलांचा गट १५ दिवसांत जोडप्रस्ताव आणील.

४. पुढच्या सभेत जोडप्रस्ताव आणि आधीच्या फेरीत सर्वाधिक मते मिळालेला प्रस्ताव, एवढे दोनच समोर राहतील. अट दोन-तृतीयांशाचीच राहील.

५. तेव्हाही निर्णय न झाल्यास समिती विषय ग्रामसभेपुढे ठेवील, कारण समितीवर देखरेख आणि नियंत्रण ग्रामसभेचे आहे. ग्रामसभा उपस्थितांच्या बहुमताने निर्णय देईल, पण उपस्थितांत किमान एक-तृतीयांश महिला आणि प्रत्येक पाड्याची माणसे असल्याशिवाय नाही.

६. जमीन देणे, मोठी वृक्षतोड आणि दीर्घ मुदतीचे करार यांना कलम ५ लागू होणार नाही. दोन-तृतीयांश न मिळाल्यास प्रस्ताव फेटाळला गेला असे समजले जाईल.

७. विरोधात मत देणाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत प्रोसिडिंगमध्ये लिहिले जाईल आणि सभा संपण्यापूर्वी वाचून दाखवले जाईल.

सातव्या कलमाला माझ्या मते सर्वांत जास्त किंमत आहे. आज ज्यांचे मत कमी पडले, त्यांचे म्हणणे कागदावर राहिले, तर ते उद्याच्या सभेला पुन्हा येतील. १९८९चा आक्षेप नोंदवला गेला म्हणून १९९२चा कायदा अधिक पक्का झाला.

पेसा कायद्याने गावाची वाद मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आपल्या डोंगरात पंच बसत आले आहेत, दोन्ही बाजू ऐकत आले आहेत, आणि दोघांनाही उद्या एकाच पाणवठ्यावर जायचे आहे हे ध्यानात ठेवून निवाडा करत आले आहेत. मी सुचवलेली कलमे त्या रीतीच्या विरोधात नाहीत. त्या रीतीत बाया, तरुण आणि दूरच्या पाड्यांची माणसे बरोबरीने बसावीत, म्हणून ती लिहून ठेवायची आहेत.

येत्या ग्रामसभेच्या अजेंड्यावर हा एक विषय घ्या. आज कोणताही वाद समोर नसेल, तर ती याच कामाची योग्य वेळ आहे, कारण आज कोणालाच माहीत नाही की उद्या कमी मतांच्या बाजूला तो असेल की त्याचा शेजारी. दोघांनाही न्याय मिळेल असा नियम माणसे अशाच वेळी लिहितात.

आपला,
सातपुड्याच्या पायथ्याचा एक ग्रामसभा सभासद
अक्कलकुवा, जि. नंदुरबार